बदामवेल : मण्यांतून वाढणारी वेल आणि तिचा व्यापार

रोपांचा धंदा आमच्या भागात नवा नाही. आंबा, चिकू, नारळ, गुलाब यांची रोपे विकून संसार चालवणारी कुटुंबे सातारा-सांगली पट्ट्यात पुष्कळ आहेत. परंतु गेल्या काही वर्षांत या धंद्यात एक नवा माल शिरला आहे, तो म्हणजे टांगत्या कुंडीतल्या वेली. पुणे-बेंगळुरू महामार्गाने साताऱ्याहून कऱ्हाडकडे येताना, उंब्रजच्या अलीकडे-पलीकडे, रोपांच्या मांडवात या कुंड्या वाऱ्यावर हलताना दिसतात. माल बहुधा पुणे-सोलापूर रस्त्यावरील मोठ्या रोपवाटिकांतून येतो, नाहीतर थेट आंध्रातील कडियमहून. त्यात एक वेल अशी आहे की तिच्याबद्दल गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली : मे महिन्यात नेली, ऑगस्टात मेली. गिऱ्हाईक दुकानदाराला बोल लावते, दुकानदार ठोक विक्रेत्याला, आणि ठोक विक्रेता हवेला. आमच्या मते यात हवेचा दोष थोडा आणि पाण्याच्या तांब्याचा फार.

या वेलीला रोपवाटिकांत 'स्ट्रिंग ऑफ हार्ट्स' म्हणतात. पाने पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची, म्हणून आम्ही तिला या लेखापुरते बदामवेल म्हणू. शास्त्रीय नाव सेरोपेजिया वूडी. इंग्रजीत तिला आणखी एक नाव आहे, त्याचा अर्थ जपमाळेची वेल. आपल्याकडे कोणी तसबीहची वेल म्हटले तरी चालेल, कारण तिच्या दोऱ्यासारख्या देठावर खरोखरच मणी धरतात. हे मणी काय आहेत हे ज्याला कळले, त्याला या वेलीचा निम्मा धंदा कळला असे आम्ही समजतो. म्हणून आधी तिचे शरीर पाहू, व्यापाराकडे नंतर वळू.

मूळ गाव

ही वेल दक्षिण आफ्रिकेकडची. तेथील नाताळ प्रांतात जॉन मेडली वूड नावाच्या वनस्पती-अभ्यासकाला ती सन १८८१ मध्ये खडकावरून लोंबताना सापडली. पुढच्याच वर्षी ते दरबानच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख झाले. रुडॉल्फ श्लेख्टर या जर्मन शास्त्रज्ञाने सन १८९४ मध्ये या वेलीचे रीतसर वर्णन छापले आणि शोधणाऱ्याचे नाव तिला दिले, म्हणून ती 'वूडी'. दक्षिण आफ्रिकेखेरीज स्वाझीलँड (आताचे एस्वातिनी), मोझांबिक आणि झिंबाब्वे येथेही ती रानात उगवते.

दरबान हे नाव आपल्या व्यापारी बांधवांना परके नाही. त्याच काळात तेथे हिंदी मुसलमान व्यापाऱ्यांच्या मोठ्या पेढ्या होत्या. पोरबंदरच्या दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या खटल्यासाठीच सन १८९३ मध्ये तरुण बॅरिस्टर गांधी त्या बंदरात उतरले. कोकणातली मुसलमान कुटुंबेही त्या देशात जाऊन स्थायिक झाली, केपटाउनमध्ये त्यांची वस्ती आजही आहे. ज्या डोंगरांच्या पायथ्याशी आपले लोक कापड आणि किराणा विकत होते, त्याच डोंगरांवरची ही वेल आज उंब्रजच्या रस्त्यावर विकायला आहे. माल कोठून कोठे जातो याचा नेम नसतो.

मूळ गाव ध्यानात ठेवायचे ते एवढ्यासाठी की ही खडकावरची वेल आहे. खडकाच्या फटीत चिमूटभर माती, वर झुडपांची विरळ सावली, पाऊस आला की पाणी वाहून जाणार आणि पुन्हा कित्येक दिवस कोरडे. तिच्या शरीरातील प्रत्येक अवयव या परिस्थितीला धरून बनला आहे.

पान, दोरा आणि मणी

मातीत या वेलीचा एक कंद असतो. वरून करड्या रंगाचा, सालीला जरा खरबरीत. जुन्या वेलीचा कंद लिंबापेक्षाही मोठा होतो. ही तिची पाण्याची टाकी. कंदातून जे देठ फुटतात ते दोऱ्याइतके बारीक आणि जांभळट असतात. झाडावर चढायला त्यांना आकडे नाहीत, म्हणून ते खाली लोंबतात किंवा जमिनीवर पसरतात. दोन-अडीच मीटरपर्यंत सहज वाढतात, पुष्कळदा त्याहूनही अधिक. दर काही बोटांच्या अंतरावर एक पेर आणि प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पाने.

पान नखाएवढे किंवा त्याहून थोडे मोठे, पण जाड. बोटात धरले तर आत पाणी भरल्यासारखे लागते. वरची बाजू गडद हिरवी आणि तीवर चांदीसारखी नक्षी. खालची बाजू फिकट हिरवी किंवा जांभळट. या नक्षीवरून वेलीला उजेड पुरतो की नाही हे सांगता येते. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेल्या वेलीची पाने फिकी पडतात, नक्षी पुसट होते आणि दोन पेरांतले अंतर वाढते. असा माल कुंडीत विरळ दिसतो. खरेदी करताना लांबी पाहून भुलू नये, पेरांतले अंतर पाहावे. लांब आणि विरळ वेलीपेक्षा आखूड आणि दाट वेल घेतलेली बरी.

आता मणी. वेल जरा जुनी झाली की पेरांवर, दोन पानांच्या बेचक्यात, वाटाण्याएवढ्या गाठी धरतात. नवखा माणूस त्यांना फळ समजतो, कोणी रोग समजून खुडून टाकतो. वास्तविक ते कंद आहेत, जमिनीतल्या मोठ्या कंदाची हवेत लटकणारी पिले. रानात ही वेल खडकावरून लोंबत असते. लोंबता लोंबता मणी एखाद्या फटीतल्या मातीला टेकला की त्याला खालून मुळे फुटतात, वरून कोंब निघतो आणि तेथे नवी वेल उभी राहते. पहिली वेल वाळून गेली, तुटली, जनावराने ओढून नेली, तरी जागोजाग पेरलेले हे मणी मागे राहतात. बटाट्याचा डोळा पेरणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट दोनदा सांगावी लागणार नाही.

येथे एका घोटाळ्याची सूचना देणे जरूर आहे. बाजारात 'स्ट्रिंग ऑफ पर्ल्स' म्हणजे मोत्यांची माळ या नावाने दुसरी वेल मिळते. तीही दक्षिण आफ्रिकेची, तीही लोंबणारी, आणि दोन्ही कुंड्या शेजारी टांगलेल्या असतात. परंतु दोघींचे नाते काही नाही. मोत्यांची वेल सूर्यफुलाच्या कुळातली. तिच्या दोऱ्यावरचे हिरवे मोती हे कंद नसून पाने आहेत. ऊन कमी लागावे आणि पाणी उडू नये म्हणून पान गोल होऊन गोळीसारखे झाले. प्रत्येक मोत्यावर एक अर्धपारदर्शक रेघ दिसते, त्या खिडकीतून उजेड आत जातो. बदामवेलीचा मणी मातीवर टेकवला की रोप होते. मोत्यांच्या वेलीचा सुटा मोती मातीत खोचून तसे होईल या भरवशावर राहू नये, तिचा देठासकट तुकडाच लावावा लागतो. शिवाय मोत्यांची वेल पोटात गेली तर त्रास देते. मुले असलेल्या घरी किंवा शेळ्या फिरतात अशा अंगणात विकताना हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे.

कंदिलाचे फूल

आमच्या वाचकांत पत्र्याचे काम करणारे कारागीर आहेत. त्यांनी या वेलीचे फूल एकदा हातात घेऊन पाहावे, कारण ते नेमके त्यांच्या कामासारखे आहे. फूल जेमतेम इंचभर लांब. खाली फुगीर बुधला, त्यावर अरुंद नळी, आणि नळीच्या तोंडाशी पाच पाकळ्या. या पाकळ्या वर जाऊन टोकाला एकमेकींना चिकटतात, त्यामुळे टोपण बंद आणि बाजूने पाच खिडक्या असा कंदील तयार होतो. नळी फिकट गुलाबी-करडी, पाकळ्या काळपट जांभळ्या आणि त्यांच्या कडेला बारीक केस. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने या प्रजातीला जे नाव दिले त्याचा ग्रीक भाषेत अर्थ मेणाचे कारंजे असा होतो. त्याला फूल पाहून मेणबत्त्यांचे झुंबर आठवले असावे. आपल्याकडे मराठीत याच प्रजातीच्या फुलांना कंदीलपुष्प म्हणतात, आणि ते नाव अधिक चपखल आहे असे आमचे मत.

हा कंदील उजेड देत नाही, माशा धरतो. वासाने ओढलेली अगदी बारीक माशी, चिलटासारखी, खिडकीतून आत येते आणि नळीत घसरते. नळीच्या आत केस आहेत आणि त्यांची टोके खाली वळलेली आहेत. मासे धरण्याच्या टोपलीत तोंडाशी आतल्या बाजूला काड्या वळवलेल्या असतात, म्हणजे मासा आत जातो पण बाहेर येत नाही, तीच ही युक्ती. माशी बुधल्यात अडकते, धडपडते, आणि त्या धडपडीत फुलातल्या परागाच्या दोन पुड्या चिमट्याने अडकवल्यासारख्या तिच्या तोंडाच्या सोंडेला बसतात. काही काळाने नळीतले केस सुकतात, वाट मोकळी होते, माशी जिवंत सुटते आणि दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा फसते. तेथे त्या पुड्या योग्य खाचेत बसल्या की फळ धरते. फूल माशीला खात नाही, नुसते कामाला लावते.

याच प्रजातीतल्या दक्षिण आफ्रिकेच्या दुसऱ्या एका वेलीबाबत सन २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की तिच्या फुलाचा वास जखमी झालेल्या मधमाशीच्या वासासारखा असतो. कोळ्याने मधमाशी धरली की तिच्या अंगातून जो रस पाझरतो त्यावर जगणाऱ्या काही बारीक माशा आहेत. फूल त्यांना खोट्या जेवणाचे आमंत्रण देते. व्यापारात अशा जाहिरातीला आपण फसवणूक म्हणू. झाडांच्या दुनियेत ती चालते.

पराग पुडीत बांधलेला असणे ही रुईच्या घराण्याची खूण आहे. रुई, उपळसरी आणि आपल्या माळरानावरच्या खडकांत उगवणारे माकडशिंग हे सारे बदामवेलीचे नातलग. रुईसारखा पांढरा चीक मात्र बदामवेलीला नाही, तिचा रस पाण्यासारखा असतो. फळ धरलेच तर ते दोन बारीक शिंगांसारखे, आणि पिकून उकलले की रुईच्या म्हातारीसारखे रेशमी शेपटीचे बी वाऱ्यावर उडते. परंतु कुंडीतल्या वेलीला फळ क्वचितच धरते. त्यामुळे बाजारातली जवळपास सर्व रोपे तुकड्यांपासून केलेली असतात. याचा फायदा असा की एका वेलीची शंभर रोपे केली तरी माल तंतोतंत सारखा निघतो. तोटा असा की मूळ वेलीला कीड असेल तर तीही शंभर घरांत पोहोचते.

साताऱ्याची भावंडे

वाचकांना ठाऊक नसेल, पण या आफ्रिकन वेलीची सख्खी भावंडे आपल्याच जिल्ह्यात आहेत. सेरोपेजिया प्रजातीच्या भारतात पन्नासहून अधिक जाती आढळतात, आणि सह्याद्री हे त्यांचे मोठे माहेर. कासच्या पठारावर पावसाळ्यात त्यांतल्या काही फुलतात. गुराखी आणि शेतकरी त्यांना ठिकठिकाणी खरचुडी म्हणतात. काहींचे कंद रानात खाल्लेही जातात.

या भारतीय जातींचा ज्यांनी बारकाईने अभ्यास केला त्यांत एम. वाय. अन्सारी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुणे येथील कार्यालयात त्यांनी काम केले. सन १९८४ मध्ये त्यांनी लिहिलेला सेरोपेजियावरील ग्रंथ संस्थेच्या भारतीय वनस्पतींच्या मालेत निघाला. सह्याद्रीतल्या अनेक जाती त्यांनी प्रथम जगापुढे आणल्या, काही एकट्याने, काही सहकाऱ्यांबरोबर. कासवरची चिमुकली 'जैनी', आंबा घाटाकडची 'ह्युबेरी', सिंहगड-पुरंदरकडची 'मॅककॅनी' ही त्यांपैकी. आणि सातारा जिल्ह्यातल्या एका जातीचे नाव त्यांनी ठेवले सेरोपेजिया नूरजहानी. सह्याद्रीच्या रानफुलाच्या शास्त्रीय नावात नूरजहाँ आहे हे आमच्या किती वाचकांना माहीत होते? शोध अजून थांबलेला नाही. नाशिकच्या अंजनेरीवरची जात सन २००६ मध्ये नोंदली गेली, आणि सन २०२३ मध्ये विशाळगडावर सापडलेल्या नव्या जातीला शिवाजी महाराजांवरून नाव मिळाले.

ही माहिती व्यापाराच्या पानावर का, असे कोणी विचारील. कारण असे की टांगत्या वेलींना भाव आला तसे काही लोकांच्या मनात येऊ लागले, कंदीलपुष्पाला एवढे कौतुक आहे तर पठारावरचेच कंद खणून कुंडीत का विकू नयेत? आमच्या बांधवांनी या वाटेला जाऊ नये. एक तर कास हे राखीव वन आहे. तेथून कंद खणणे हा भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, आणि सन २०१२ पासून ते पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात मोडते. दुसरे, काही जाती इतक्या थोड्या जागी उरल्या आहेत की एका माणसाची एका दुपारची खणाखणी एखाद्या उतारावरची जात संपवू शकते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राच्या लोकांनी या जाती बागेत वाढवून टिकवण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे, ते कशासाठी हे समजून घ्यावे.

आणि तिसरे कारण निव्वळ धंद्याचे. आपल्या रानातली खरचुडी जून-जुलैत उगवते, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलते आणि थंडीच्या तोंडाला वाळून जमिनीत जाते. उरलेले सात-आठ महिने कुंडीत नुसती माती. गिऱ्हाईक ती मेली समजून फेकून देणार आणि पुन्हा तुमच्या दुकानी येणार नाही. तिच्या देठावर बदामवेलीसारखे मणीही लटकत नाहीत. बियांपासून वाढवायचे तर वर्षे लागतात. कायदा मोडून, रान ओसाड करून, शेवटी रिकामी कुंडी विकण्याचा हा सौदा आहे. त्याउलट बदामवेल बारमाही हिरवी, एका कुंडीतून अनेक होणारी, आणि तिच्यासाठी कोणाचे पठार खणावे लागत नाही.

एका कुंडीच्या दहा

आता हिशेब. समजा तुम्ही चांगली जुनी एक कुंडी घेतली. तिला दहा दोरे आहेत, प्रत्येक दोरा दोन फूट, आणि साधारण दोन-दोन इंचांवर पेर. म्हणजे एका दोऱ्याला बारा पेरे, एकूण एकशेवीस. प्रत्येक पेर म्हणजे एक होतकरू रोप. एक कुंडी भरगच्च दिसायला आठ ते दहा पेरे एकत्र लावावी लागतात. सर्व जगली तर बारा कुंड्या होतात. नवख्याचा निम्मा माल गेला असे धरले तरी सहा. भाव आम्ही छापत नाही, तो पुण्यात एक आणि पाटणला दुसरा असतो. ज्याने त्याने आपल्या गावच्या भावाने गुणाकार करावा.

लावण्याच्या तीन रीती आहेत. पहिली, दोरा कापून पेरापेराचे तुकडे करावेत, प्रत्येकाला दोन पाने ठेवावीत आणि पेराची बाजू ओलसर भुकटीवर टेकेल असे ते पसरावेत. पेर मातीत पुरू नये, टेकले म्हणजे पुरे. दुसरी, लांब तुकड्याच्या खालच्या पेराची पाने काढून तो पाण्यात ठेवावा, मुळे फुटली की मातीत लावावा. यात मुळे डोळ्यांना दिसतात म्हणून नवशिक्याला धीर येतो. तिसरी आम्हाला सर्वात भरवशाची वाटते. मणी असलेला दोरा मूळ कुंडीपासून न तोडता शेजारच्या लहान कुंडीवर आणून मणी अर्धा मातीत दाबावा, तारेच्या आकड्याने अडकवावा. मूळ वेल त्याला तोवर पोसते. तीन-चार आठवड्यांनी हलकेच ओढून पाहावे, मणी धरून राहिला तर दोरा कापावा. रानातली वेल जे करते तेच हे.

घाई मात्र येथे चालत नाही. विकण्याजोगी भरगच्च कुंडी व्हायला सहा महिने ते वर्ष लागते. काही विक्रेते ताजे कापलेले दोरे कुंडीत खोचून त्याच आठवड्यात विकतात. दिसायला माल तयार, आत मुळे नाहीत. घरी नेल्यावर ती कुंडी टिकली तर नशीब. माल मुळे धरलेला आहे की नाही हे गिऱ्हाइकाला सांगूनच विकावे, कच्चा असेल तर कच्चा म्हणून कमी भावात.

मातीबद्दल सर्वात जास्त बोलायला हवे. कृष्णाकाठची काळी माती उसाला सोन्यासारखी, पण बदामवेलीला ती विषासारखी. ती पाणी धरून ठेवते, आणि खडकावरच्या या वेलीचा कंद ओलाव्यात दोन आठवडे बसला की सडतो. काळी माती अजिबात घालू नये. विटांचा चुरा, बारीक जांभ्याचा किंवा मुरमाचा खडा, लाकडी कोळशाचे तुकडे हे मिळून निम्म्याहून अधिक, आणि बाकी नारळाचा भुसा व चांगले कुजलेले शेणखत थोडेसे. हे मिश्रण मुठीत दाबून सोडले की लगेच विखुरले पाहिजे. लाडू झाला तर आणखी खडा घालावा.

पाणी किती द्यावे याचे उत्तर दिवसांत देता येत नाही, पानाला विचारावे. पान दोन बोटांत धरून हलके वाकवावे. ताठ असेल तर तहान नाही. लवचिक, जरा पातळ लागले तर भरपूर पाणी देऊन निथळू द्यावे, आणि माती तळापर्यंत वाळेपर्यंत पुन्हा हात लावू नये. सुरकुतलेली पाने पाहून काही लोक पाणी वाढवतात. येथे सावध राहावे, कारण मुळे सडली तरी पाने सुरकुततात. मग कंद चाचपावा. टणक असेल तर वेल तहानलेली आहे. मऊ लागला तर ती बुडाली आहे, आणि पाणी घालणे म्हणजे तिला आणखी बुडवणे. अशा वेळी वरचे निरोगी दोरे कापून नवी लावणी करावी, जुनी माती फेकावी.

आमच्या भागात खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. पाटण-कोयनेकडे तर आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. या चार महिन्यांत कुंड्या पन्हळीखाली किंवा उघड्या मांडवात ठेवू नयेत, वर पारदर्शक छत हवे आणि वारा खेळता हवा. पाणी जवळजवळ बंद. उन्हाळ्यात भीती दुसरी : एप्रिल-मेचे पश्चिमेचे ऊन पाने भाजते, म्हणून सकाळचे कोवळे ऊन आणि नंतर सावली. थंडीत वाढ मंदावते, तेव्हाही पाणी कमी. किडींत पिठ्या ढेकूण हा मुख्य शत्रू. पेरांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे दिसले की ती कुंडी त्याच दिवशी वेगळी काढावी. हाच किडा मुळांवरही बसतो, म्हणून नवीन आणलेला माल जुन्यात मिसळण्यापूर्वी दोन-तीन आठवडे दूर ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

गुलाबी-पांढऱ्या पानांचा एक प्रकार आहे, त्याला भाव जास्त येतो. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते म्हणून तो हळू वाढतो आणि त्याला उजेड अधिक लागतो. त्याच कुंडीत कधी पूर्ण हिरवा दोरा फुटतो. तो जोमाने वाढून बाकीच्यांना मागे टाकतो, म्हणून दिसताच मुळापासून कापावा, आणि साध्या हिरव्या मालात लावून टाकावा, तो वाया जात नाही.

कारागिरांसाठी यात वेगळे काम आहे. बाजारात येणाऱ्या बहुतेक टांगत्या कुंड्या प्लास्टिकच्या, खोल, आणि तळाला एखादेच भोक, तेही कधी बुचाने बंद. या वेलीची मुळे खोल जात नाहीत, खोल कुंडीच्या तळाशी नुसता ओलावा साठतो. हवी ती उथळ, पसरट, मातीची कुंडी, कारण भाजलेली माती बाजूंनीही पाणी सोडते. खोली चार बोटे, तोंड वीतभर, तळाला किमान तीन मोठी भोके, आणि काठाला टांगण्यासाठी तीन कान. असा माल रोपवाटिकांना सहज मिळत नाही. कुंभाराने तो करावा, तारकाम करणाऱ्याने त्याला गंज न धरणाऱ्या तारेचे शिंकाळे करावे, आणि दोघांनी मिळून एखाद्या रोपवाल्याशी बोली करावी. कुंडी भाजण्यापूर्वीच भोके पाडून घ्यावीत. भाजल्यावर गिरमिटाने भोक पाडताना दहातल्या दोन-तीन तडकतात, आणि तो तोटा मग कोणाच्या खाती घालायचा यावरून वाद होतो.